एंगेज

साहेब, तुमचा चौकशी अहवाल खोटा नाही, निर्लज्ज आहे. त्यात लिहिलंय, ‘त्या दिवशी दवाखान्यात मदतीसाठी एकही फोन आला नाही.’

२००३ साल. डोळखांबच्या वरच्या पाड्यात भात कापताना बुधाजीला घोणस चावली. त्याची बायको जानकीबाई धावत खाली फोनच्या बूथवर आली. दवाखान्याची गाडी बोलवायची होती.

“एंगेज लागतोय गो मावशे,” बूथवाला चंदर म्हणाला.

“परत लाव रे.”

तासभर तो लावत राहिला. चिडून शिव्या घालायला लागला, तेव्हा तिनेच त्याला गप्प केलं. “नको बोलू काय. आपल्यापेक्षा कोनाचा तरी जीव जास्त अडला असंल. त्यांचं होऊ दे.”

शेवटी टेम्पो मिळाला. दवाखान्यात पोचेपर्यंत बुधाजी थंड पडला होता.

सोबत आलेल्या चंदरने ऑफिसात डोकावून पाहिलं. फोनची वायर नव्या कॉम्प्युटरला जोडलेली होती. तेव्हा नेट फोनच्याच लाइनीवर चालायचं, आणि नेट चालू असलं की बाहेरून फोन लावणाऱ्याला एंगेज. तुमचा कारकून सकाळपासून नेटवर बसून कुठल्याशा अनोळखी मुलीला विचारत होता, ‘जेवलीस का?’

हे चंदरने मला सांगितलं, पण जानकीबाईला सांगायची हिंमत त्याला झाली नाही. मलाही होत नाही. ती अजून भेटेल त्याला विचारते, “त्या टायमाला फोनवर व्हते, त्यांचा मानूस तरी वाचला का रे?”



साहेब, तिला उत्तर तुम्ही द्या.