घडीवर विरलेलं

“आई, घडी पडताना श्वास रोखून धरू नकोस,” लेकीनं फोनवर बजावलं होतं. परदेशी निघालेली माणसं आता कपड्यांसारखी घडी होऊन बॅगेतून जात आणि पोचल्यावर उलगडत. शशिकलाबाईंची ही तिसरी खेप. मागच्या खेपेला कमरेवर आडवी रेघ उमटली होती. तिथं चिमटा काढला तरी कळत नसे. जुनं लुगडं आधी घडीवरच विरतं, हे त्यांना ठाऊक होतं.

“आजी, पोट रिकामं ना? मग छान सपाट बसाल,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“सोमवार आहे माझा. पण या खेपेला उलटी घडी घाल गं.”

“मशीनला एकच घडी येते, आजी.”

बाळंतपणाला येते, असा लेकीला शब्द दिला होता. शशिकलाबाईंनी चपला काढल्या, कुलदेवीचं नाव घेतलं आणि बॅगेत पाय ठेवला.