नंबराची जागा

बंद झालेल्या फायलींची खोली मी अठ्ठावीस वर्षं सांभाळली. निवृत्तीच्या दिवशी माझीही फाइल बंद झाली, ती लावायला मीच गेले. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो, म्हणून माझा नंबर नवऱ्याच्या नंबराला लागून. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची फाइल उशिरा येण्याच्या मेमोंनी फुगलेली आणि खण गच्च, पण मला माझी तिथंच लावायची होती.

"मावशी, तिथं कुठं मावणार? खालच्या खणात टाका की," नवा साहेब म्हणाला.

"नंबर सोडून ठेवलेली फाइल पुन्हा सापडत नाही, साहेब. एवढंही शिकवलं नाही कॉलेजात?"

पलंगावरही आमचे हे असेच ऐसपैस पसरायचे. मी त्यांच्या फायलीला कोपर लावलं आणि हळूच म्हटलं, "अहो, सरका जरा."