चिमणी छाप

व्यापाऱ्याने कागद सरळ ऐरणीवर ठेवला. वर स्वतःचं पेन.

"काका, सही करा. चिमणीचा छाप आमचा, तुमची हरकत नाही, एवढंच लिहिलंय. कात्र्या तुम्हीच बनवा की. फक्त आमच्यासाठी."

बाबांनी पेनाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. तीस वर्षं ते कात्र्या घडवत होते आणि प्रत्येक कात्रीच्या पात्यावर, स्क्रूच्या जरा खाली, नखाएवढी चिमणी ठोकत होते. शिंपी दुकानात जाऊन कात्री मागायचेच नाहीत. चिमणी द्या, म्हणायचे.

मुलीने तीनदा सांगितलं होतं, बाबा, छापाची नोंदणी करून टाकू. तिन्ही वेळा एकच उत्तर. "स्वतःच्या पोराला कोणी दत्तक घेतं का गं?"

आता दत्तक घ्यायला दुसराच उभा होता. पंधरा वर्षं याच कात्र्या विकून गब्बर झालेला. त्याचा अर्ज जाहीरसुद्धा झाला होता. हरकत घ्यायला नऊ दिवस उरले होते. त्यानंतर चिमणी त्याची. बाबांनी स्वतःच्या कात्रीवर ठोकली, तर चोर बाबा.

"आणि नाही केली सही तर?" मुलीने विचारलं.

"तर घ्या हरकत. पण पुरावा? मी पंधरा वर्षांचा वापर दाखवलाय. तुमच्याकडे एक चिटोरं तरी आहे का?"

चिटोरं नव्हतं.

कोपऱ्यात आई पात्यांना धार लावत होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. छापाच्या बाबतीत तर नाहीच. तीन वर्षांपूर्वी पोलादी ठसा तिच्या हातून फरशीवर पडला आणि चिमणीच्या शेपटीचं टोक उडालं. ठसा कोरणारा कारागीर तोवर वारला होता. तेव्हापासून चिमणी तशीच, बांडी. बाबांनी ठसा वरच्या फळीवर नेऊन ठेवला. आईने नुसतं तिकडे बघितलं तरी म्हणायचे, "हात लावू नकोस. आता मान उडवशील."

आईने यंत्र बंद केलं. फडक्याला हात पुसले. कागदासोबत आलेली अर्जाची प्रत उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. आणि हसायलाच लागली.

"काय झालं, काकू?"

"हे चित्र कुठलं?"

"कुठलं म्हणजे? आमचंच. पंधरा वर्षांपासून हेच."

"अगदी असंच?"

"अगदी असंच! शपथेवर लिहून दिलंय."

मुलगी आईच्या खांद्यावरून डोकावली. तिने भिंतीवर टांगलेली बाबांची पहिली कात्री काढली आणि चित्राशेजारी ठेवली.

"अशा जुन्या कात्र्या गावातल्या प्रत्येक शिंप्याकडे आहेत," ती म्हणाली. "नऊ दिवस खूप झाले मला."

व्यापाऱ्याने एकदा कात्रीकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. मग पेन खिशात घातलं. कागदाकडेही त्याचा हात गेला.

"थांबा की," आई म्हणाली. "सही घेऊन जा."

ती फळीकडे वळली आणि सवयीने थबकली. बाबा उठले. ठसा त्यांनी स्वतः काढला आणि तिच्या हातात दिला.

आईने कागद ऐरणीवर नीट पसरला, ठसा उभा धरला आणि हातोडी घातली. एकच घाव. कागदाला नखाएवढं, बांड्या चिमणीचं भोक पडलं, आरपार.

तिने तो कागद व्यापाऱ्याच्या हातात दिला.

"पंधरा वर्षांची म्हणता ना? भाऊ, ही शेपटी मी तोडलीय. तीन वर्षं झाली, अजून बोलणी खातेय."