परकी बाई

चाकणच्या कंपनीतून मोशीला घरी परतताना रोहिदासच्या मोटरसायकलला अपघात झाला. जीव वाचला, पण लग्नापासूनची सगळी वर्षं आठवणीतून पुसली गेली. आईला तो लगेच ओळखायचा. बायको साधना मात्र त्याच्या लेखी परकी बाई. तिच्याकडून अंघोळ घालून घेताना तो संकोचानं मान वर करायचा नाही. शेवटी एका सकाळी चहा घेऊन आलेल्या साधनाला तो अहो-जाहो करत म्हणाला, "मला तुमची वळखच न्हाई. माझ्यापायी अडकून पडू नका. माहेरी जा."

साधना शांतपणे त्याच्या शेजारी बसली.

"लग्न झालं तवा मी तरी तुमाला कुठं वळखत होते? तरी आले, नांदले. आता तुमी नांदा."