काशाचं चाक

कुमुदनं पडवळशेठच्या छातीचं झाकण उघडलं. आतलं यंत्राचं हृदय रखडत फिरत होतं, गिअरचं एक चाक पार झिजलं होतं. सांगलीत हृदयं दुरुस्त करणारं दुकान तिचं एकटीचंच, म्हणून शेठला झक मारत तिच्या बाकड्यावर आडवं व्हावं लागलं होतं.

या धंद्यात चाकांचीही सोयरीक बघूनच जुळवतात. पोलादाला पोलाद देणं म्हणजे सगोत्र लग्न. दोन्ही एकमेकांना चावतात आणि एक दिवस जागीच अडकतात. म्हणून पोलादाला जोडी नरम काशाची. शेठच्या कारखान्यानं मात्र कासं महाग पडतं म्हणून सर्रास पोलादावर पोलाद चढवलं. तसलंच हृदय घेऊन कुमुदचा नवरा अनंता जेवता जेवता भरल्या ताटावर कोसळला होता.

"ताई, काशाचंच घालताय ना?" शेठनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

तिनं काशाचं चाक बसवलं, तेल सोडलं, झाकण लावून सील केलं. मग म्हणाली, "तुमच्याच कारखान्याची जोडी घातलीय. अनंताला होती तीच."

"काढ! आत्ताच्या आत्ता काढ!" शेठ किंचाळला, पण लगोलग दुसऱ्यांदा छाती उघडली तर माणूस वाचत नाही, हे त्यालाही पाठ होतं.

ते काशाचं चाक वीस वर्षं सहज चालणार होतं. छातीवर तळहात दाबून, जपून पावलं टाकत शेठ दाराशी पोचला, तेव्हा कुमुदनं मागून अगत्यानं हाक दिली, "जेवणं सावकाश होऊ द्या हं, शेठ!"