आईचा रकाना

टॉवेलांच्या मागे सात पुडे निघाले. सातही न फोडलेले. आईने ते एकेक करून पलंगावर मांडले आणि लेकीकडे पाहिलं. आई चार दिवस राहायला आली होती आणि आंघोळीसाठी टॉवेल शोधत होती. लेकीची कपाटं उलथीपालथी करणं हा तिचा जुना हक्क होता.

"किती महिने झाले?"

"मोज की. सात."

पॅडचे पुडे नवरा आणायचा. महिन्याच्या सामानात न चुकता एक. दुकानात असली वस्तू मागायला आपण लाजत नाही, याचा त्याला कोण अभिमान! आणू नको म्हणायचं, तर का नको तेही सांगावं लागलं असतं. म्हणून ती मुकाट्याने पुडा घ्यायची आणि टॉवेलांमागे ढकलायची. आधी घर, मग मूल, असं लग्न झाल्या झाल्या दोघांनी ठरवलं होतं. घर गेल्या वर्षी झालं. तेव्हापासून तो जेवताना रोज पाळण्याच्या गोष्टी काढत होता. ती चौतीस वर्षांची होती.

ती कामाला होती त्या बेकरीत कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. भट्टीशेजारी उभ्या असलेल्या बाईला घाम फुटला तर कोण विचारतंय? फक्त दर अर्ध्या तासाला ती लोण्याच्या थंड खोलीत शिरते आणि लवकर बाहेर येत नाही, हे बरोबरच्या पोरींच्या नजरेत भरलं. त्यांनी तिचं नाव पेंग्विन ठेवलं. छातीपासून कानापर्यंत आग चढत असताना हसणं काही खायचं काम नाही. तरी ती हसायची. मालक तिला एका शब्दाने बोलत नसे. तिची आई याच बेकरीत वीस वर्षं पीठ मळत होती. "हात बघा, अगदी आईचा," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "शिकवून येत नाही असलं."

"डॉक्टरकडे गेलीस का?" आईने विचारलं.

"गेले. दोनदा रक्त तपासलं. पाळी गेली म्हणाल्या. कुणाकुणाची चाळिशीच्या आधीच जाते म्हणे. आता गोळ्या घ्यायच्या, नाहीतर हाडं ठिसूळ होतील. झोप येत नाही, त्याच्यावरही गोळ्या. आणि मूल..." तिने समोरचा पुडा पालथा घातला. "मुलाची आशा जवळजवळ सोडाच म्हणाल्या."

"जावईबापूंना सांगितलंस?"

"काय सांगू? पुडे आणू नका, एवढं?"

तिने पर्समधून दवाखान्याचा घडी घातलेला फॉर्म काढला. उद्या सकाळी तो भरून न्यायचा होता. सगळं भरून झालं होतं, एक रकाना राहिला होता. आईची पाळी कोणत्या वयात थांबली?

"हे पुष्कळदा आईकडून येतं म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या आईचं तसं काही नव्हतं. मी शाळेत जायचे तेव्हा ती महिन्याच्या महिन्याला फडकी धुऊन दोरीवर घालायची, मी डोळ्यांनी पाहिलंय. मग काय लिहू? पन्नास?"

आई पलंगाच्या कडेला बसली.

"ती फडकी नुसतीच भिजवलेली असायची," ती म्हणाली. "तुझ्या आजीचा दोरीवर डोळा असायचा. दोरी रिकामी राहिली असती तर हजार प्रश्न आले असते. म्हणून दर महिन्याला चार दिवस स्वच्छ फडकी पाण्यात बुचकळायची, पिळायची आणि तिला दिसतील अशी वाळत घालायची. आजी गेली तेव्हा कुठे सुटले. माझी पाळी तिसाव्या वर्षीच गेली होती."

लेकीने रकान्यात तीस लिहिलं. पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं.

"आणि हे तू मला आज सांगतेस? लग्नाच्या वेळी सांगायचं होतंस. घर राहू दे, आधी मूल होऊ दे, एवढं एक वाक्य बोलली असतीस तरी मी ऐकलं असतं. तेव्हा पंचवीस वर्षांची होते गं मी! तुझी अब्रू दोरीवर वाळत राहिली आणि वाटोळं माझं झालं. तुझ्याकडूनच आलंय हे. तूच दिलंस मला."

आईशी ती जन्मात अशी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. उलट सात महिन्यांत पहिल्यांदाच जरा मोकळं वाटलं. दोष द्यायला कुणीतरी सापडलं होतं.

आईने पुडे उचलले, टॉवेलांमागे होते तसे रचले, वरून टॉवेल नीट ओढला आणि कपाट लावून घेतलं. हात अगदी सराईत होते.

"ते तीस खोड," मग ती म्हणाली. "डॉक्टरची दिशाभूल होईल."

"का? खोटं आहे?"

"खरं आहे. पण तू आलीस तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते."

लेकीला आधी कळलंच नाही. मग तिने मनातल्या मनात दोन्ही आकडे पुन्हा एकदा शेजारी ठेवले.

"तुझ्या मावशीकडे पाच महिने राहायला गेले होते," आई खाली बघत म्हणाली. "परत आले तेव्हा तू होतीस. नऊ दिवसांची. तुझे बाबा आणि मावशी सोडून कुणाला माहीत नाही. आजी तर बाळाचं नाक आमच्या घरातलंच म्हणायची."

तिने लेकीच्या हातातून पेन काढून घेतलं आणि भोक पडलेल्या तीसवर स्वतःच काट मारली.

"माझ्याकडून आलं असतं ना, तर तुझ्या शिव्यासुद्धा गोड मानून घेतल्या असत्या गं," ती म्हणाली. "तेवढं तरी माझं तुझ्यात असतं."