सभेतला तारपा

झरीच्या प्रचारसभेत साहेबांच्या स्वागताला नाचणाऱ्यांची रांग उभी केली होती आणि तारपा वाजवायला झिपरूला बोलावलं होतं. पण बायको गेल्यापासून त्याने तारप्याला हातही लावला नव्हता; स्वागतालाही तो तारपा शेजारी ठेवून बसूनच राहिला. “हे बाटगे म्हणजे गावाला लागलेली कीड. वाळीत टाका यांना!” साहेब माइकवर गरजले. टाळ्या पडल्या. ख्रिस्ती झालेली शेजारीण भिकी मान खाली घालून घरी निघाली. झिपरूच्या बायकोला शेवटचा महिनाभर तिनेच पेज भरवली होती. त्याने उठून तारपा फुंकला. “दादा, थांब! भाषण चाललंय!” कार्यकर्ता धनेश धावला. “ऐकवत नाही, म्हणूनच वाजवतोय.” वाजवत तो मंडपाबाहेर पडला. तारपा जाईल तिकडे नाचणाऱ्यांनी जायचं, ही रीतच. नाचणाऱ्यांची सगळी रांग त्याच्यामागे निघाली आणि भिकीच्या अंगणात थांबली. धनेशही ओरडत मागोमाग आला. झिपरूने तारपा खाली ठेवला. “भिकी, पाणी आण गं. आधी धनेशला दे, ओरडून घसा सुकलाय त्याचा.”